आपण एकमेकांना कितपत ओळखतो? (वेगवेगळं अपंगत्व असलेल्या सगळ्यांसाठी)

अंतर्नाद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. धडधाकट लोक आपल्याशी कसे वागतात यावर इथे पुष्कळ लिहून झालंय, म्हणून हा धागा त्यावर नाही. मला आपल्याआपल्यातलं विचारायचंय. अंध माणूस व्हीलचेअर वापरणाऱ्याशी कसा वागतो? कर्णबधिर व्यक्तीचं स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तीशी कसं जमतं? ज्याचे पाय चालत नाहीत तो, ज्याला समजायला वेळ लागतो त्याच्याकडे कसं बघतो?

आपण सगळे आपोआप एकमेकांचे सोयरे, असा बाहेर एक समज असतो. कार्यक्रमाला गेलं की मला हमखास दुसऱ्या कुणा अपंग व्यक्तीशेजारी नेऊन बसवतात, "तुमचं छान जमेल" म्हणून. जमतंही कधीकधी. पण माझ्या अंधत्वाने मला बहिरेपणाबद्दल काहीही शिकवलेलं नाही. खोलीतले दिवे गेले तर माझं काही अडत नाही, पण खुणांनी बोलणाऱ्या माणसाचं संभाषणच थांबतं. उलट गोंगाट वाढला की मी दिशा हरवते आणि त्याचं बोलणं निवांत चालू राहतं. एका खोलीतल्या आम्हा दोघांच्या अडचणी एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध टोकाच्या.

तरी काही गोष्टी अशा आहेत की ज्या कुठल्याही अपंग माणसाला मला समजावून सांगाव्या लागत नाहीत. न विचारता दंड धरून ओढणं. मी समोर असताना सोबतच्या माणसाला "यांना काय हवंय?" विचारणं. प्रत्येक लहान मदतीनंतर चेहऱ्यावर कृतज्ञता आणावी लागणं आणि त्याचा येणारा शीण. इथे आम्हाला एकमेकांची अर्धी वाक्यं पुरतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. "डोळे नसले म्हणून काय झालं, डोकं तर शाबूत आहे ना!" हे वाक्य मी अंध मित्रमैत्रिणींच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. कुणी आपल्याला कमी लेखलं की आपण लगेच तिसऱ्याच माणसाकडे बोट दाखवतो: कमी असेल तर तो, मी नव्हे. स्वतःची बाजू मांडायची ही पद्धत आपण सोडली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

एक विनंती: चित्र टाकलंत तर शब्दांत वर्णन लिहा, ध्वनिफीत टाकलीत तर खाली मजकूर द्या.

---

गतिमान

चांगला विषय काढलात ताई. मणक्याला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअर वापरतो, म्हणजे आधी चालत होतो. त्यामुळे मला ही उतरंड तयार होताना जवळून बघता आली.

पुनर्वसन विभागात नवा रुग्ण आला की पहिल्यांदा शेजारच्या खाटेकडे बघतो. ज्याचे फक्त पाय गेलेत तो, ज्याचे हातही गेलेत त्याच्याकडे बघून सुटकेचा श्वास टाकतो. ज्याचे हात गेलेत तो म्हणतो, निदान मला बोलता येतं. डोक्याला मार लागून बोलणं अडखळणारा माणूस त्याच विभागात असतो आणि त्याच्याजवळ बसायला फारसं कुणी जात नाही. सुरुवातीचं हे समजण्यासारखं आहे. माणूस बुडत असतो, हाताला लागेल ते धरतो. पण वर्षानुवर्षं तेच धरून बसलेले लोकही मी बघितलेत.

यावर अभ्यासही झालेत. जॉन ट्रिंगो यांनी १९७० मध्ये लोकांना वेगवेगळ्या आजार-अपंगत्वांच्या माणसांशी किती जवळीक चालेल असं विचारलं. अल्सर, संधिवात, दमा असलेली माणसं लोकांना चालत होती. मनोविकार असलेली तळाशी होती. पुढे २००३ मध्ये मार्क डील यांनी प्रश्न आपल्याकडे वळवला: अपंग माणसं इतर अपंगत्वांकडे कशी बघतात? आपण याच समाजात वाढलो, तेव्हा त्याची उतरंड आपल्या आतही असणार. अपघाताच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्यात जे समज होते ते दुसऱ्या दिवशीही तिथेच होते. पाय गेले म्हणून ते समज गेले नाहीत.

---

स्पष्टच

थोडा विरोधी सूर लावतो. मी अल्पदृष्टी आहे, अंधांच्या संघटनेत बरीच वर्षं काम करतोय. सगळ्या प्रकारच्या अपंगांनी एकत्र यावं हे ऐकायला चांगलं वाटतं, पण कामाच्या वेळी काय होतं ते सांगतो. बैठकीचा विषय ‘सुगम्यता’ ठरतो, उतरता रस्ता म्हणजे रॅम्प बांधला जातो आणि सगळे समाधानाने घरी जातात. ब्रेल, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली), चित्रांचं वर्णन हे पुढच्या बैठकीत. ती पुढची बैठक येत नाही. सुगम्यतेचं चिन्ह म्हणजे व्हीलचेअर, त्यामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नाही.

आपापल्या गटाने आपापलं काम केलं की ते पूर्णत्वाला जातं. २०१३ चा माराकेश करार बघा. अंधांच्या संघटनांनी, विशेषतः जागतिक अंध संघाने, वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा कुठे स्वामित्वहक्काच्या कायद्यात पुस्तकं सुलभ स्वरूपात आणण्यासाठी सवलत मिळाली आणि २०१६ मध्ये करार लागू झाला. ‘सर्व अपंगांचे सर्व प्रश्न’ असं म्हणत बसलो असतो तर आजही पुस्तकांची वाट बघत असतो.

---

सावकाश

मी सावकाश. मला बौद्धिक अपंगत्व आहे. हा धागा बहिणीने मला वाचून दाखवला. लिहितोय मी. ती फक्त ऱ्हस्व दीर्घ बघते.

डोकं शाबूत आहे असं लोक म्हणतात तेव्हा मी तिथेच असतो. मला कळतं. मला वाईट वाटतं.

मला खेळ आवडतात. पॅरालिम्पिक मी बघतो. २००० साली सिडनीला स्पेनचा बास्केटबॉल संघ जिंकला. तो आमच्यासारख्यांचा गट होता. पण १२ पैकी १० खेळाडूंना बौद्धिक अपंगत्व नव्हतं. ते खोटं बोलले. मग आमचे सगळे खेळ बंद केले. २०१२ ला लंडनमध्ये परत सुरू झाले. खोटं त्यांनी केलं. बाहेर आम्ही राहिलो. बाकीचे अपंग खेळाडू खेळत राहिले.

मोठे प्रतिसाद मला कळत नाहीत. छोटं लिहा.

---

अंतर्नाद

सावकाश, तू लिहिलंस हे फार चांगलं झालं. तुझी सूचना मान्य. मंडळी, लांब लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण शेवटी ‘सोप्यात’ म्हणून दोन-तीन ओळी द्या. माझ्या मूळ लेखाचं सोप्यात असं: आपल्याला वेगवेगळं अपंगत्व आहे. त्यामुळे आपल्याला एकमेकांचं सगळं कळत नाही. विचारावं लागतं. आणि स्वतःला चांगलं म्हणवून घेण्यासाठी दुसऱ्या अपंग माणसाला कमी म्हणू नये.

गतिमान आणि स्पष्टच, तुमचंही सोप्यात येऊ द्या.

---

गतिमान

सोप्यात: दवाखान्यात नवे आलेले लोक एकमेकांशी तुलना करतात. "मी त्याच्यापेक्षा बरा आहे" म्हणतात. ही सवय आपल्याला समाजाने लावली. ती सोडता येते.

सावकाश, २००० च्या त्या प्रकरणात तू म्हणतोस ते पूर्ण खरं आहे. एखाद्या शर्यतीत कुणी उत्तेजक घेतलं तर त्या खेळाडूला बाहेर काढतात, धावायचंच बंद करत नाहीत. तुमच्या बाबतीत गटच बंद केला.

---

इतिहासवेडी

पॅरालिम्पिकचा विषय निघालाच आहे तर त्याचा इतिहास या धाग्याला चपखल बसतो. १९६० ला रोममध्ये जे खेळ झाले त्यातले खेळाडू व्हीलचेअर वापरणारे होते, कारण सगळ्याची सुरुवातच १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयातल्या मणक्याच्या रुग्णांपासून झाली होती. अंध आणि हात-पाय गमावलेले खेळाडू १९७६ मध्ये टोरांटोला आले, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा कमी असणं) असलेले १९८० मध्ये, बौद्धिक अपंगत्व असलेले १९९६ मध्ये. दर वेळी आत असलेल्यांनी थोडं सरकून बाहेरच्यांना जागा दिली, आणि प्रत्येक वेळी ती मागावी लागली.

कर्णबधिरांचे खेळ मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीचे, १९२४, पॅरिस. ते मध्यंतरी आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीत होते आणि १९९५ मध्ये बाहेर पडले. त्यामागची बाजू खुणेचीबोली सांगतील तर बरं.

---

खुणेचीबोली

सांगतो. मी जन्मतः बहिरा. माझी पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी, तेव्हा लिहिण्यात उणंदुणं असेल तर सांभाळून घ्या.

आमच्यातले पुष्कळ जण स्वतःला अपंग मानत नाहीत. इतर अपंगांना याचा राग येतो, मला माहीत आहे. "आमच्यापेक्षा वरचे समजता का?" असं मला तोंडावर विचारलंय. तसं नाही. बहिऱ्यांच्या मेळाव्यात गेलो तर मला कसलीच अडचण नसते. सगळे माझ्या भाषेत बोलतात, विनोद कळतात, भांडता येतं. आमच्यापुरतं प्रश्न कानाचा उरत नाही, भाषेचा असतो. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेत बहिऱ्यांच्या शिक्षणात खुणांऐवजी बोलणंच हवं असा ठराव झाला आणि त्यानंतर पिढ्यान्पिढ्या मुलांना वर्गात हात हलवायची बंदी झाली. तो ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्यामुळे दुसऱ्या कुणी आमच्या वतीने ठरवू लागलं की आम्ही दचकतो. त्यात अपंग संघटनाही आल्या.

त्यात रोजचा अनुभव असा की ‘सर्व अपंगांसाठी’ म्हणून बोलावतात आणि दुभाषी नसतो. मी बसून बघतो. लोक हसतात, ते का हसले हे मी विचारतो, "नंतर सांगतो" म्हणतात. ते नंतर कुणी सांगत नाही. खेळातही तेच. दुभाष्यांवाचून आमचे खेळाडू सर्वांच्या मेळाव्यात एकटे पडतात. आपल्या मेळाव्यात ते फक्त खेळाडू असतात.

मला तुटून राहायचं नाही. पण एकत्र या म्हणताना मला काय सोडून यावं लागेल ते आधी बघा.

सोप्यात: माझी भाषा हातांची आहे. दुभाषी असेल तर मी सगळ्यांबरोबर असतो. नसेल तर एकटा असतो.

---

दोन्हीकडे

मला बहिरेपण आहे आणि नजरही जात चालली आहे. अशर सिंड्रोम म्हणतात त्याला. ब्रेल डिस्प्लेवर हा धागा बोटांनी वाचतेय, म्हणून सावकाशसारखीच मीही लहान प्रतिसादांच्या बाजूची!

अंधांच्या गटात गेले तर सगळं बोलण्यातून चालतं. बहिऱ्यांच्या गटात गेले तर सगळं बघण्यातून. लोक म्हणतात तुम्ही दोन्ही गटांच्या. प्रत्यक्षात दोन्हीकडून बाहेर. अंध आणि बहिरे आपापलं भांडतात तेव्हा ते भांडण माझ्या शरीरातून जातं.

आमची स्वतःची साधनं मात्र फार सुंदर आहेत. माझ्या हातांवर हात ठेवून खुणा केल्या की मी वाचते. जर्मन भाषकांत एक हाताची लिपी आहे, तळहातावर ठरावीक जागी स्पर्श म्हणजे ठरावीक अक्षर. हिरोनिमस लोर्म या लेखकाने ती १८८१ मध्ये काढली. त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं आणि पुढे दिसेनासंही झालं. गरज ज्याची, त्याने ती बनवली.

अंतर्नादताई, तुमच्या आणि खुणेचीबोलींच्या मैत्रीत अडचण काय आहे ते मला नीट माहीत आहे. उपायही सांगते: लिहा. तुम्ही लिहिलेलं ते वाचतात, त्यांनी लिहिलेलं तुमचा स्क्रीन रीडर बोलतो. याच कारणाने मला गटात येणारे व्हॉइस मेसेज नकोसे वाटतात. अंधांना सोयीचे, पण बहिऱ्यांना आणि मला बंद दार.

---

स्पष्टच

व्हॉइस मेसेजच्या बाबतीत एक अडचण आहे. हातात ताकद नसलेल्यांना टायपिंग जमत नाही, आणि काही वयस्कर अंध सभासदांना टच स्क्रीनवर लिहायला फार वेळ लागतो. त्यांचं काय?

---

दोन्हीकडे

त्यांनी बोलावं. गटातल्या कुणीतरी खाली मजकूर टाकावा. आता फोनही बोललेलं बऱ्यापैकी लिहून देतो. हे काम दर वेळी त्याच एका माणसावर पडू नये एवढंच.

---

उंबरठा

मला सेरेब्रल पाल्सी आहे, कधी कुबड्या, कधी व्हीलचेअर. पेशाने इमारतींचे आराखडे तपासते, त्यामुळे ‘विरुद्ध टोकाच्या अडचणी’ हे माझं रोजचं काम.

पदपथाची कड घ्या. व्हीलचेअरला ती सपाट हवी. पूर्ण सपाट केली की अंध माणसाला पदपथ कुठे संपला आणि रस्ता कुठे सुरू झाला ते काठीला कळत नाही. दोघांचंही बरोबर. यावर उत्तर म्हणून पायांना जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा आल्या. सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या जपानमध्ये तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. पण उंचवट्यांवरून चाक गेलं की माझ्या पायांना आचके येतात. पाठ दुखणाऱ्यांना तो थरकाप सहन होत नाही. म्हणजे उत्तरालाही पुन्हा उत्तर लागतं.

जपानमध्ये पदपथ आणि रस्ता जिथे भेटतात तिथे २ सेंटिमीटर उंचीची कड ठेवायची पद्धत आहे. काठीला लागेल इतकी उंच, चाक चढेल इतकी कमी. हा आकडा मला फार आवडतो. दोघांपैकी कुणालाच तो पूर्ण सोयीचा नाही, आणि तरीही त्यात दोघांचं येणंजाणं होतं. अंध लोकांना थोडी जास्त उंची आवडली असती, व्हीलचेअरवाल्यांना शून्य. कुणीतरी दोघांनाही एकाच कडेवर आणून मोजमाप केल्याशिवाय असा आकडा निघत नाही.

माझा आग्रह हाच असतो. अंधांची समिती एका दिवशी आणि चालण्याची अडचण असलेल्यांची दुसऱ्या दिवशी बोलावू नका. एकाच वेळी जागेवर आणा. एकमेकांसमोर माणूस "मला हे हवं" म्हणतो आणि लगेच दुसऱ्याचं अडलेलं चाक बघतो किंवा ऐकतो. वेगवेगळे बोलावले की दोघेही कागदावर आपापली पूर्ण मागणी लिहून जातात, मधला निर्णय भलताच माणूस घेतो आणि मग आपण एकमेकांना दोष देत बसतो.

सोप्यात: रस्त्याची कड काहींना सपाट हवी, काहींना उंच. दोघांनी एकत्र बसून ठरवलं तर मधला मार्ग निघतो.

---

शांतकोपरा

उंबरठा यांच्या प्रतिसादाला +१. मी स्वमग्न आहे. माझा अडथळा आवाज, गर्दी, अचानक स्पर्श. टाळ्यांचा कडकडाट मला अक्षरशः दुखतो. बहिरे लोक टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवतात, ते मला फार सोयीचं. एका गटात आम्ही तेच स्वीकारलं, आणि मग तिथल्या अंध मैत्रिणीने सांगितलं की माझं बोलणं संपल्यावर मला नुसती शांतता ऐकू येते, मी वाईट बोलले असं वाटत राहतं. आता सूत्रसंचालक एक वाक्य बोलतो: "सगळे हात हलवतायत." एवढ्याने तिचंही भागलं, माझंही.

मात्र सगळं असं सुटत नाही. माझ्या कामाच्या जागी एकाला सतत आवाज केल्याशिवाय राहवत नाही, तो त्याच्या अपंगत्वाचा भाग आहे. मला आवाज सहन होत नाही, तो माझ्या अपंगत्वाचा भाग आहे. आम्ही एका खोलीत काम करूच शकत नाही. वेगळ्या खोल्या घेतल्या, जेवणाच्या सुट्टीत चॅटवर बोलतो. आमची मैत्री आहे. ती एका खोलीत बसणारी नाही.

---

वरूनठीक

एवढा वेळ नुसती वाचत होते. मला अपस्मार आहे आणि सांध्यांचं कायमचं दुखणं. बघून काहीच कळत नाही.

मला सगळ्यात जास्त उलटतपासणी धडधाकट लोकांनी केलेली नाही. अपंगांच्या राखीव जागेवर बसले की कुबडीवाला माणूसच विचारतो, "तुम्हाला काय झालंय?" सगळ्यांसमोर आजाराचा इतिहास सांगितला तरी त्याच्या आवाजात शंका राहतेच. मला त्याची भीती कळते. जागा थोड्या आहेत, खोटे दावे करणारेही असतात, आणि वर्षानुवर्षं मागून मिळालेलं काही हातचं जाईल असं वाटतं. पण जागा कमी का आहेत हा प्रश्न जिथे विचारायचा तिथे न विचारता आपण एकमेकांना तपासतो.

अजून एक, कर्णबधिरांसाठी धोक्याच्या वेळी लुकलुकणारे दिवे लावतात. ते हवेतच, आगीच्या वेळी तो त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण वेग जास्त असेल किंवा एका हॉलमधले दोन दिवे वेगवेगळ्या तालात लुकलुकले तर माझ्यासारख्या काहींना फिट येऊ शकते. संकेतस्थळांसाठी नियम आहे की सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये. दिव्यांचाही वेग कमी आणि एका तालात ठेवता येतो. दोघांचेही जीव वाचतात, कुणीतरी दोघांचाही विचार केलेला असावा लागतो.

---

खुणेचीबोली

वरूनठीक, हे मला माहीत नव्हतं. आमच्या सभागृहात दिवे बसवायचे आहेत. एका तालाचं सांगतो.

---

इतिहासवेडी

स्पष्टच यांच्या मुद्द्याकडे परत येते, कारण तो महत्त्वाचा आहे आणि निम्मा बरोबर आहे.

माराकेश करार एकट्या अंध चळवळीने रेटला, हे खरं. पण त्याचा लाभ कुणाला मिळतो ते वाचा. अंध, अल्पदृष्टी, वाचनात अडथळा आणणारं अपंगत्व असलेले, आणि शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही तेही. काम एका गटाचं होतं, पण दार त्यांनी स्वतःच्या मापाचं बांधलं नाही. मला ही पद्धत सगळ्यात पटते. संघटना वेगळ्या असू देत, मागणी लिहिताना शेजारी कोण उभं आहे ते बघायचं.

उलट बाजूचं उदाहरण १९७७ चं. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं कलम ५०४ (सरकारी पैसा घेणाऱ्यांनी अपंगांशी भेदभाव करू नये, असं सांगणारं) कागदावर होतं, ते अमलात आणायच्या नियमांवर सही होत नव्हती. ५ एप्रिलला अपंग आंदोलक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथेच राहिले. ज्युडिथ ह्यूमन, किटी कोन या पुढे होत्या. आत व्हीलचेअरवाले, अंध, बहिरे, बौद्धिक अपंगत्व असलेले सगळे. फोन तोडले गेले तेव्हा बहिरे आंदोलक खिडकीतून खुणांनी बाहेर निरोप देत होते. ज्यांना रोज उठवून बसवावं लागायचं, जेवण भरवावं लागायचं त्यांचं ते काम इतर आंदोलकांनी वाटून घेतलं. २८ एप्रिलला सही झाली. त्या इमारतीत शिरताना हे सगळे एकमेकांना ओळखत होते असं मुळीच नाही. एकत्र राहून त्यांना कळलं की कुणाला रात्री कुशीवर वळवावं लागतं आणि कुणाला कागद वाचून दाखवावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या वेळीही सगळं गोडीगुलाबीने झालेलं नाही. शिक्षणाच्या कलमावर चांगलीच ओढाताण होती. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संघटनांना वेगळ्या शाळा नको होत्या, कारण त्यांच्या मुलांना तिथे टाकून विसरून जात. बहिऱ्यांच्या संघटना म्हणत होत्या की सगळ्यांच्या वर्गात एकटं बहिरं मूल भाषेवाचून राहतं. दोघांचेही अनुभव खरे. शेवटी कलम २४ मध्ये सर्वसमावेशक शिक्षण आलं आणि त्याच कलमात अंध, बहिऱ्या आणि बहिरे-अंध मुलांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या माध्यमातून आणि त्यांची वाढ होईल अशा वातावरणात शिक्षण हेही आलं. कुणाचा अनुभव खोटा ठरवून ते निघालेलं नाही.

सोप्यात: १९७७ मध्ये वेगवेगळं अपंगत्व असलेले लोक एका इमारतीत एकत्र राहिले. एकमेकांची कामं केली. नियम मिळवले. नंतर एक मोठा करार झाला. त्यात भांडणं झाली, पण सगळ्यांचं ऐकलं गेलं.

---

स्पष्टच

माराकेशचा तुमचा मुद्दा मान्य. बैठकीचा माझा अनुभव मात्र तसाच राहतो. ‘सर्व अपंग’ म्हणून जी समिती बनते तिथे जास्त बोलू शकणारे, लवकर पोहोचू शकणारे आणि कमी सोय लागणारे पुढे जातात. आपल्यात ते टाळायची काही पद्धत असेल तर मी वेगळ्या संघटनांचा आग्रह सोडायला तयार आहे. नुसती सदिच्छा पुरणार नाही.

---

गतिमान

पद्धत आहे. अजेंड्यावरचा पहिला विषय ज्याची सोय सगळ्यात अवघड त्याचा. आमच्याकडे दुभाषी ठरल्याशिवाय बैठकीची तारीखच जाहीर होत नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, पण आता सवय झाली.

अवांतर: चीनच्या हेबेई प्रांतातले जिया हायशिया आणि जिया वेनची माहीत आहेत का? एक अंध, दुसऱ्याला दोन्ही हात नाहीत. दोघांनी मिळून नदीकाठची पडीक जमीन घेतली आणि १०,००० हून जास्त झाडं लावली. नदी ओलांडताना हात नसलेला अंध मित्राला पाठीवर घेतो, वाटेने चालताना अंध त्याची रिकामी बाही धरतो.

---

अंतर्नाद

माहीत आहेत. त्यांची गोष्ट लोक डोळ्यांत पाणी आणून सांगतात, ‘दोघे मिळून एक माणूस’ वगैरे. मला ते खटकतं. ते दोन पूर्ण माणसं आहेत. त्यांनी काम वाटून घेतलं. मी आणि माझी व्हीलचेअर वापरणारी मैत्रीण असंच फिरतो. मी मागून ढकलते, ती रस्ता सांगते: "डावीकडे, थांब, पुढे खड्डा." पण आधी आम्ही ठरवलेलं असतं. ती म्हणाली की आज मी स्वतः चाकं फिरवणार, तर मी तिच्या खुर्चीच्या पाठीला एक हात लावून चालते. चढावर दमली की ती सांगते. न विचारता खुर्चीला हात लावला तर ती मला तितकंच झापते जितकं एखाद्या डोळसाला. आणि बरोबरच आहे, खुर्ची तिच्या शरीराचा भाग आहे. अंध आहे म्हणून मला तिथे वेगळा परवाना नाही.

---

सावकाश

मला एक अंध मित्र आहे. तो मला लांब पत्रं सोपी करून सांगतो. मी त्याला रंग जुळवून देतो. तो मला कधी घाई करत नाही.

मला समितीत यायचं आहे. मला कुणी विचारलं नाही.

---

स्पष्टच

सावकाश, मी विचारतो. येत्या महिन्यात आमची ऑनलाइन बैठक आहे. विषय संकेतस्थळं सगळ्यांना वापरता येणं. विषयपत्रिका तुला आठवडाभर आधी सोप्या भाषेत पाठवतो. तुझ्या बहिणीला नाही, तुला. तुला कळली नाही तर परत लिहायला सांग, आम्ही परत लिहू. बोलताना तुझी वेळ कुणी कापणार नाही.

खुणेचीबोली, दोन्हीकडे, शांतकोपरा, वरूनठीक, उंबरठा, तुम्हीही या. काय काय लागेल ते इथेच लिहा, म्हणजे सगळ्यांना दिसेल आणि ऐकू येईल.

---

शांतकोपरा

कॅमेरा बंद ठेवायची मुभा. एका वेळी एकानेच बोलायचं. मी बहुतेक वेळ लिहीन.

---

वरूनठीक

स्लाइडमध्ये हलणारं, लुकलुकणारं काही नको. दीड तासापेक्षा लांब असेल तर मध्ये थांबा.

---

उंबरठा

माझं बोलणं थोडं अस्पष्ट आहे. कळलं नाही तर "कळलं नाही" असं सरळ म्हणा, कळल्यासारखं करू नका. आपोआप उमटणाऱ्या मथळ्यांना माझं बोलणं जवळजवळ कळत नाही, म्हणून मजकूर टाइप करणारा माणूस लागेल.

---

दोन्हीकडे

बरोबर. मलाही माणसाने टाइप केलेलाच मजकूर लागेल, ब्रेल डिस्प्लेवर तो नीट येतो. वाक्य वाचायला मला वेळ लागतो, तेव्हा प्रश्न विचारला की थोडं थांबा. बोलण्याआधी प्रत्येकाने नाव सांगा.

---

खुणेचीबोली

दोन दुभाषी. एकच असेल तर हात दमतात आणि शेवटच्या अर्ध्या तासात मला निम्मंच कळतं. दोन मिळाले की तारीख कळवा, येतो.